कंसात हशा

प्रतिवेदकबाईंचा उजवा हात कधी गप्प बसत नसे. समोरचा माणूस बोलू लागला की त्यांची तर्जनी मांडीवर, खुर्चीच्या हातावर, भाजीच्या पिशवीवर, जिथे जागा मिळेल तिथे बारीक रेघा ओढू लागे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, बाईंना कंपवाताचा त्रास असावा. मलाही तसंच वाटलं होतं. मी एका चांगल्या डॉक्टरांचं नाव, दवाखान्याचा पत्ता आणि तपासणीची वेळ असा स्वच्छ अक्षरातला कागद त्यांना नेऊन दिला. शिवाय लवकर निदान होण्याचे फायदे दहा मिनिटं समजावून सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद वाचला आणि म्हणाल्या, "पत्त्यात पिनकोड राहिलाय." मग सांगितलं की हा आजार नाही, नोकरी आहे. तीस वर्षं विधिमंडळात शॉर्टहँड घेतलं, आता कुणी बोललं की बोट आपोआप लिहितं. माझ्या वैद्यकीय सल्ल्याचीही त्यांच्या गुडघ्यावर शब्दशः नोंद झाली होती.

राजारामपुरीतली आमची सोसायटी चार मजल्यांची, सोळा फ्लॅटची. दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोरचा फ्लॅट बाईंनी निवृत्तीनंतर घेतला. मूळच्या त्या कागलच्या. लग्न केलेलं नव्हतं, एक भाची कागललाच होती. सोसायटीत सगळे त्यांना रिपोर्टरबाई म्हणत. दूधवाल्यानं त्यांना कुठल्या पेपरात होता म्हणून विचारलं होतं, आणि आमचे अध्यक्ष चौगुले अप्पा यांनी सोसायटीच्या वृक्षारोपणाची बातमी फोटोसह लावून द्या, अशी गळ घातली होती. मी मात्र पहिल्या दिवसापासून 'प्रतिवेदक' हा योग्य शब्द वापरला. माझ्याविषयी त्यांचं मत सुरुवातीला बरं होतं त्याचं कारण एवढंच. पुढे ते का घसरलं हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

त्यांचं काम त्या असं सांगत : सभागृहाच्या मध्यभागी एक टेबल असतं. तिथे बसायचं, आपली काही मिनिटांची पाळी लिहायची, उठायचं, बाहेर जाऊन ते टाइप करायचं, तोवर दुसरा येऊन बसतो. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, कुणी विनोद केला तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. "आम्ही तिथलं फर्निचर," त्या म्हणत. "कपाटाला मत नसतं." मी विचारत असे, अमुक नेता खरंच तसा होता का, तमुक बाई खरंच तसं म्हणाल्या का. नाव आलं की बाई पाण्याचा पेला उचलत. तीस वर्षांत ऐकलेलं एकही नाव त्यांनी माझ्यासमोर घेतलं नाही. पक्षही सांगितला नाही. या बाबतीत सगळे सारखेच, म्हणत.

पण कंसांबद्दल त्या बोलत. अहवालात भाषणाच्या मध्ये कंसात शब्द येतात : हशा, अडथळा, गोंधळ. मला वाटे, ही किरकोळ सजावट. बाई म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, सगळं कंसातच असतं. ज्याच्यावर हसले त्याचं नाव अहवालात येतं. हसणाऱ्यांचं येत नाही." एखादी सदस्य पाटबंधाऱ्यांवर बोलायला उभी राहिली की सभागृहात चहाची वेळ होते, आणि तीच अंगणवाडीवर बोलली की सगळे कौतुकानं माना डोलावतात, हेही त्यांचंच निरीक्षण. माझ्यातल्या हिशेबनिसानं लगेच विचारलं, याची काही आकडेवारी आहे का? त्या म्हणाल्या, "चहाचे कप मोजायचं काम माझ्याकडे नव्हतं."

दुसरं त्यांचं म्हणणं नात्यांबद्दल होतं. पुरुष उभा राहिला तर तो सन्माननीय सदस्य. बाई उभी राहिली तर ताई, वहिनी, वय झालेलं असेल तर आई. मी म्हटलं, यात वाईट काय? मान दिला. त्या म्हणाल्या, "मान दिला की वेळ द्यावा लागत नाही." मग असंसदीय शब्दांचा नियम सांगितला. कुणी शिवी दिली तर अध्यक्ष ती कामकाजातून काढून टाकायला सांगतात, ती छापली जात नाही. "पण 'ताई, हा तुमचा विषय नाही, तुम्ही बसा' यात असंसदीय काय आहे? ते छापून येतं. कायमचं." हे सांगतानाही आवाज तसाच, सपाट. जणू पुढच्या पानावरचं वाचताहेत.

आता माझ्याविषयी. मी एका बँकेच्या तपासणी विभागात आयुष्य काढलं. सोसायटीचा मानद सचिव म्हणून चौदा वर्षं बिनविरोध निवडून आलो. बिनविरोध याचा अर्थ दुसरं कुणी तयार नव्हतं. माझ्या इतिवृत्तांचा मला अभिमान होता. खाडाखोड नाही, शाई एकच, समास दोन बोटं. कोण काय बोललं याचा पाल्हाळ नाही. विषय, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक. सभा मी पन्नास मिनिटांत संपवत असे, आणि एका वर्षी सत्तेचाळीस मिनिटांत संपवली होती तेव्हा चौगुले अप्पा म्हणाले होते, "सेक्रेटरी, तुमी दिल्लीला पायजे होता." मी ते खरं मानलं होतं.

बाईंनी माझं माप घेतलं ते आमच्याच घरी, चहा पिताना. माझी बायको शैला पेठ वडगावच्या एका लग्नाची गोष्ट सांगत होती. तिनं म्हटलं, पाचशे माणूस होतं. मी म्हटलं, चारशे वीस, पत्रावळींचा हिशेब माझ्याकडे होता. तिनं म्हटलं, दुपारी बाराचा मुहूर्त. मी म्हटलं, बारा सतरा. तिनं म्हटलं, नवऱ्यामुलाचा मामा घोड्यावरून उतरला आणि. मी म्हटलं, मामा नव्हे, मावसा. इथे बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, ही तिसरी दुरुस्ती सूचना. मूळ प्रस्ताव अजून मांडला गेलेला नाही." शैला इतकी हसली की तिला ठसका लागला. मला तो विनोद वाटला. मी हसून घेतलं आणि ओघात घोड्याचा रंगही दुरुस्त केला.

त्या दिवसापासून आमच्या घरात संसदीय कामकाज सुरू झालं. मी तोंड उघडलं की शैला म्हणे, "हरकतीचा मुद्दा." पीठ दळून आणण्यावरून स्थगन प्रस्ताव आला. मी पाहुण्यांसमोर 'आमच्या हिला राजकारणातलं काही कळत नाही' म्हणालो, तर हिनं शांतपणे ते विधान कामकाजातून काढून टाकण्याची मागणी केली, आणि पाहुण्यांनी ती मान्य केली. त्या लग्नातल्या घोड्याचं पुढे काय झालं ते मला एकवीस वर्षांनी कळलं. मावसा उतरल्यावर घोडा मांडवात शिरला होता आणि त्यानं आहेराचं एक लुगडं खाल्लं होतं. मी त्या लग्नात हजर होतो, पण त्या वेळी पत्रावळी मोजत होतो.

बाई सोसायटीच्या प्रत्येक सभेला येत आणि शेवटच्या रांगेत भिंतीकडेच्या खुर्चीवर बसत. सभेत मात्र बोटावर भागत नसे, वही आणि पेन्सिल लागे. मी एकदा म्हटलं, इतिवृत्त मी लिहितोच आहे, तुम्ही कशाला त्रास घेता? म्हणाल्या, "सवय. सभा चालू असताना हात रिकामा ठेवला की चोरी केल्यासारखं वाटतं." बोलल्या मात्र कधी नाहीत. हात वर करण्याच्या मतदानातसुद्धा त्यांचा हात लिहिण्यात गुंतलेला असे. मी त्यांना तटस्थ धरत असे.

तळमजल्यावर कांबळे सिस्टर राहत. सरकारी नोकरीतल्या नर्स, पन्नाशीच्या, बोलणं कमी आणि थेट. पावसाळ्यातल्या सर्वसाधारण सभेत त्या पाण्याबद्दल काहीतरी बोलल्या होत्या. काय बोलल्या हे मला नंतर आठवेना, आणि आठवण्याची गरजही वाटली नाही, कारण इतिवृत्त माझ्याकडे होतं. त्यात विषय क्रमांक चारखाली लिहिलं होतं : 'पाणीपुरवठ्याबाबत किरकोळ चर्चा झाली.' एक ओळ, खाडाखोड नाही.

दीड महिन्यानं मला कावीळ झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांनाही झाली. सोसायटीत कुजबुज सुरू झाली की जमिनीखालच्या टाकीत काहीतरी मिसळतंय. मी पिवळ्या डोळ्यांनी, ऊस चघळत, ही अफवा मुळापासून तपासली. आम्ही तिघंही एका रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला एकत्र गेलो होतो. तीन रुग्ण, तिघंही भेळ खाल्लेले. यापेक्षा स्वच्छ पुरावा काय असतो? टाकी उघडायची तर दोन दिवस पाणी बंद, गणपती तोंडावर, सोळा घरांत पाहुणे. चौगुले अप्पांनाही भेळेचाच सिद्धांत पटला. शैला म्हणाली, मेघा येण्याआधी एकदा टाकी बघूनच घेऊ या. मेघा ही आमची लेक, सातवा महिना, पहिलं बाळंतपण. नाशिकहून येत्या रविवारी माहेरी यायची होती. तिकीट काढलेलं, पाळण्याला रंग दिलेला. मी शैलाला म्हटलं, तू पुरावा दे, मी टाकी उघडतो. घरातल्या कामकाजात त्या आठवड्यात एकही हरकत आली नव्हती, हे मी आजारपणामुळे लक्षात घेतलं नाही.

लोकांच्या समाधानासाठी गुरुवारी संध्याकाळी विशेष सभा बोलावली. मी मफलर बांधून, इतिवृत्ताची वही घेऊन खालच्या हॉलमध्ये गेलो. पहिला विषय नेहमीचा : मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मला त्यातूनच सगळं मिटवायचं होतं. मी म्हटलं, टाकीबद्दल कुणाची तक्रार असती तर ती इथे असती. वर्षभराच्या तिन्ही सभांची इतिवृत्तं माझ्या हातात आहेत, तीनही सभांत टाकी हा शब्द नाही. मग विषय क्रमांक चारची ती एक ओळ वाचून दाखवली. सिस्टर पहिल्या रांगेत होत्या. ड्यूटीवरून आलेल्या, पिशवी मांडीवर, खाली बघत. अप्पा म्हणाले, "कुणाची हरकत हाय का? न्हाय. कायम."

"हरकत आहे," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण तो आवाज सभेत कुणी कधी ऐकला नव्हता. प्रतिवेदकबाई उभ्या होत्या. वही हातात उघडी, चष्मा नाकावर. त्यांनी परवानगी मागितली नाही आणि प्रस्तावनाही केली नाही. ज्या आवाजात आपण वाणसामानाची यादी वाचतो त्या आवाजात त्यांनी विषय क्रमांक चार वाचायला सुरुवात केली.

"कांबळे सिस्टर : पाण्याला वास येतो आहे, पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर यांच्यामध्ये. सचिव : किती फूट अंतर आहे? नक्की आकडा सांगा. सिस्टर : मोजलेलं नाही, पण. सचिव : मग मोजून या. कंसात, हशा."

कुणी हसलं नाही. बाईंनी पान उलटलं.

"सिस्टर : माझ्या वॉर्डात असेच पेशंट येताहेत, म्हणून मी. अध्यक्ष : सिस्टर, हितं वॉर्ड न्हाय, सोसायटी हाय. कंसात, हशा. सिस्टर : अप्पा, दोन मिनिटं ऐकून घ्या. अध्यक्ष : तुमचं रोजचंच हाय बगा ताई. बसा की."

अप्पांचं कोल्हापुरी त्यांनी जसंच्या तसं, हेलाशिवाय वाचलं. आपलं बोलणं हेल काढून टाकल्यावर कसं दिसतं हे अप्पांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी काय करत होतो? मी मोजत होतो. मला दुसरं काही येत नाही. सिस्टर, सचिव, सिस्टर, सचिव. वाचन पुढे चालूच होतं. माझा आकडा सहावर गेला तेव्हा मला वाटलं, आता संपलं.

"सिस्टर," बाईंनी वाचलं, "साहेब, तुमची मुलगी बाळंतपणाला येणार आहे असं वहिनी म्हणाल्या. गरोदरपणात या पाण्यानं कावीळ झाली तर. सचिव : सिस्टर, घरगुती विषय सभेत आणू नका. विषय क्रमांक पाच, पार्किंग." बाईंनी चष्मा वर केला. "यानंतर सिस्टर बोललेल्या नाहीत. एकूण अडथळे अकरा. सचिव सात, अध्यक्ष चार. चार वाक्यं अपुरी आहेत. ती मला पुरी करता येणार नाहीत. ज्यांची आहेत त्याच करतील."

आणि त्या खाली बसल्या.

सात आणि चार अकरा. बेरीज मी तिथल्या तिथे पडताळली, ती बरोबर होती. 'घरगुती विषय सभेत आणू नका' हे वाक्य मी बोललो होतो याची मला तीळभर आठवण नव्हती. पुढे कित्येक दिवस मी आठवण्याचा प्रयत्न केला, तर पार्किंगच्या रेषा किती इंचांच्या ठरल्या ते आठवे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शैला बायकांच्या रांगेतून उठून बाहेर गेली. मला वाटलं, रागावून घरी गेली. काचेतून दिसलं, जिन्याजवळ उभी राहून फोन लावत होती. परत आली आणि उभ्यानंच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मेघाचं तिकीट रद्द करायला सांगितलंय. आता सिस्टरांचं होऊ द्या."

सिस्टर उठल्या. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. थकलेल्या होत्या. म्हणाल्या, चेंबरला तडा आहे आणि पावसात ते भरून वाहतं, हे त्यांनी रोज कामावर जाताना पाहिलं होतं. टाकीची भिंत तिथून हाताच्या अंतरावर आहे. वॉर्डात आलेले पेशंट अशाच टाक्यांच्या इमारतीतले होते. आणि गरोदर बाईला या काविळीत यकृत निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो, आई आणि बाळ दोघांनाही. "मी दोघी बघितल्यात," त्या म्हणाल्या, आणि बसल्या. चारही वाक्यांना मिळून दीड मिनिट लागलं. मागच्या सभेत आम्ही एवढं वाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी उपसली. चेंबरच्या बाजूच्या भिंतीतून काळं पाणी झिरपत होतं. प्लंबरनं माझ्याकडे पाहून म्हटलं, "साहेब, ह्ये पाणी पीत हुता व्हय?" मी टेप आणून अंतर मोजलं. अडीच फूट. नक्की आकडा मिळाला.

इतिवृत्ताची दुरुस्ती मलाच लिहायची होती. मी लिहिलं, 'चर्चेदरम्यान काही अडथळे आले', आणि समोरच्या दारात जाऊन बाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, "कुणी आणले?" मी म्हटलं, सचिवांनी आणि अध्यक्षांनी. म्हणाल्या, "मग तसं लिहा. पाऊस येतो. अडथळा कुणीतरी आणतं." मी परत आलो आणि चेकवर लिहितात तसं लिहिलं : सचिवांनी ७, अक्षरी सात. खाली सही केली. चौदा वर्षांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. त्या पानाची शाईसुद्धा वेगळी आहे, मध्येच पेन बदलावं लागलं होतं. शाई संपली होती म्हणून, असं मी शैलाला सांगितलं. तिनं ते विधान तपासायला घेतलं नाही.

एक हिशेब मात्र बाईंच्या वहीत नव्हता आणि तो कुणी मांडलाही नाही. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टर जोशीणबाई हेच बोलल्या असत्या तर मी 'मोजून या' म्हटलं असतं का? फार तर 'बघू या' म्हटलं असतं. सिस्टर बाई होत्या, नर्स होत्या आणि त्यांचं आडनाव कांबळे होतं. यातलं कशामुळे किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. आयुष्यभर लोकांच्या रकमा खातेनिहाय वेगळ्या करून दिल्या, ही एक रक्कम एकत्रच राहिली आहे. सिस्टरांना मी तसं एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहू दे साहेब, तुम्ही पथ्य पाळा."

मेघाचं बाळंतपण नाशिकला सासरी झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. शैला दीड महिना तिकडे होती आणि मी इकडे रंगवलेल्या पाळण्याशेजारी बसून तेलाशिवायची भाजी खात होतो. पुढच्या निवडणुकीत सिस्टर अध्यक्ष झाल्या. सचिव मीच राहिलो, कारण दुसरं कुणी अजूनही तयार नव्हतं. आता सभेला सव्वा तास लागतो. पहिल्या दोन सभांत मी सवयीनं मध्ये बोललो, आणि अप्पाच मला म्हणाले, "सेक्रेटरी, बाई लिवत्यात बरं का." बाई लिहीतच होत्या, मान खाली, चेहऱ्यावर काही नाही. त्या विशेष सभेनंतर पुन्हा कधी त्या उभ्या राहिल्या नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणत, "माझं झालं."

दोन वर्षांनी त्यांना चालणं जड जाऊ लागलं आणि भाची त्यांना कागलला घेऊन गेली. तिथे त्या वर्षभर होत्या, मग गेल्या. बातमी कळली तेव्हा शोकसभा झाली आणि मी शोकप्रस्ताव लिहिला. कोण काय बोललं ते प्रत्येकाच्या नावानिशी, वाक्यं पुरी करून लिहिलं. पाच पानं झाली. इतकं लांब इतिवृत्त मी कधी लिहिलं नव्हतं, आणि बाईंनी ते तपासलं नाही म्हणून ते बरोबर आहे की नाही हे मला माहीत नाही.

पण मला जास्त आठवतो तो त्यांच्या जाण्याचा दिवस. सामान टेम्पोत चढत होतं. खुर्ची खाली फाटकाजवळ आणून ठेवली होती, त्यावर त्या बसल्या होत्या. भाची वर कुलूप लावायला गेली होती. मी निरोपाचं भाषण तयार केलं होतं. त्यात सहा वर्षांतल्या एकूण सभा, त्यांची उपस्थिती, टक्केवारी असं सगळं होतं. ते खिशातच ठेवलं आणि जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. मी म्हटलं, तीस वर्षं तिथे एवढं ऐकलंत, कधी बोलावंसं वाटलं नाही?

"रोज वाटायचं," त्या म्हणाल्या.

मग तिथे तीस वर्षं गप्प राहिलात आणि आमच्या सोळा घरांच्या सभेत कशा उभ्या राहिलात?

त्यांनी बोटानं माझा प्रश्न गुडघ्यावर लिहून पुरा केला. मग म्हणाल्या, "तिथं एखादीला हसले, बसवलं, तरी तिचं बोलणं आम्ही लिहायचो. अर्धं असलं तरी ते छापून यायचं. पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तरी ती बोलली होती हे कळलं असतं. म्हणून मला गप्प बसता आलं. इथं लिहिणारे तुम्ही होता."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. माझ्याकडे उत्तर तयार होतं. नुसतं उत्तर नाही, तीन मुद्दे होते. पण बाईंचं बोलणं पुरं झालंय की त्यांनी श्वास घेतलाय, ते मला कळेना. म्हणून मी थांबलो. भाची खाली आली, तिनं त्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं, टेम्पो कोपऱ्यावरून वळला, आणि मी अजून थांबलेलोच होतो.